गोणपाटाच्या अलीकडे

साखर पेठेच्या मागच्या अंगाला विडी कारखान्याची एक ब्रँच होती आणि त्या ब्रँचच्या खिडकीला गोणपाट होतं. तांदळाचं रिकामं पोतं उसवून, धुऊन वरच्या गजाला शिवून टाकलेलं. खाली वीतभर फट. बायका घरी वळलेल्या विड्या सुपात घालून आणायच्या, सूप फटीतून आत सरकवायच्या, आणि आत बसलेला सिद्रामप्पा चांगल्या विड्या एकीकडे, वाईट एकीकडे करायचा. वाईट विड्यांना छाट म्हणत. छाट निघाली की तेवढी मेहनत फुकट. त्याला समोरची बाई दिसत नसे, बाईला तो दिसत नसे. दिसायचे फक्त सूप धरलेले दोन हात, मनगटापर्यंत.

ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. दुसऱ्या ब्रँचांतले चेकर बायकांशी भांडत, हसत, कुणाची छाट कमी काढत, कुणावर डूख धरत. सिद्रामप्पाला हे सगळं गबाळं वाटे. "मी माल बघतो, माणूस बघत न्हाय," असं तो सांगायचा. एकदा मालकांनाच सांगितलं, तेव्हा मालक "वा" म्हणाले होते. त्या "वा"वर त्याची सहा-सात वर्षं चांगली गेली. बायकांची नावं तो घेत नसे, कार्डावरचा नंबर पुकारायचा. "एकोणीस." "सव्वीस." "सदोतीस." बायका बाहेर ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असत. नंबर आला की एक उठायची.

गोणपाट लागलं त्याला एक कारण होतं. त्याआधी खिडकी उघडी असताना एक बाई सूप पुढे करून रडायला लागली होती. लेकरू तापाने फणफणलंय, रात्रभर डोळा नाही, म्हणून हात सैल पडला, एवढ्या बारी घ्या अण्णा. सिद्रामप्पाचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्याने सगळा माल घेतला. आठ दिवसांनी तो माल पुण्याच्या व्यापाऱ्याकडून परत आला, निम्म्या विड्या पेटतच नव्हत्या, आणि मालकांनी त्याला सगळ्या ब्रँचसमोर उभं करून झाडलं. त्याच दुपारी ते तापाने फणफणलेलं लेकरू त्याला ब्रँचच्या पायरीवर गोट्या खेळताना दिसलं. सिद्रामप्पाने तेव्हाच ठरवलं, की डोळ्यात पाणी आलं की माल दिसत नाही. पुढच्या सोमवारी पोतं आणलं.

बायकांनी पोत्याची फार दिवस थट्टा केली. गोजरबाई म्हणायची, "आण्णाला आता पडदानशीन झाल्यागत वाटत आसंल." पण बायका फक्त थट्टा करून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. सिद्रामप्पाची बायको शांतम्मा रोज पहाटे गल्लीतल्या नळावर पाणी भरायला यायची, आणि विडी वळणाऱ्या निम्म्या बायका त्याच नळावर.

"आज कसं हाय शांतक्का?" गोजरबाई घागर लावता लावता विचारायची.

"काल मेव्हण्याचं पत्र आलंय. जमिनीचं."

"म्हंजे आज खरं न्हाय."

"खरं न्हायच. आंबाडीची भाजी केली तर ताट सारलं."

एवढं पुरे व्हायचं. त्या दिवशी बायका घरातला सगळ्यात घट्ट, सगळ्यात सरळ माल निवडून न्यायच्या. आणि ज्या दिवशी शांतम्मा म्हणे, "आज सकाळी न्हाताना देवाचं वचन म्हणत हुते," त्या दिवशी सुपाच्या तळाशी उरलेल्या आडव्यातिडव्या विड्याही खिडकीतून आत जात आणि निमूट पास होत. सिद्रामप्पाला वाटे, बायकांचा हात कधी बरा चालतो, कधी वाईट. बायकांना खरं कारण माहीत होतं. गोणपाट फक्त त्यांच्या बाजूला अंधार करत होतं. अलीकडे एक आख्खा माणूस बसलेला होता, पोटातल्या जळजळीसकट, आणि त्याच्यावर पोतं टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण चौऱ्याहत्तरच्या थंडीत सदोतीस नंबरचं प्रकरण झालं.

सदोतीस नंबर म्हणजे काशम्मा. दुष्काळाच्या दोन वर्षांत ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती, आणि तिथे हातोडी तिच्या डाव्या अंगठ्यावर पडली होती. पाऊस झाला, ती परत विड्यांना बसली. ऊब होती तोवर अंगठा चालला. थंडी पडली तसा तो बधिर व्हायला लागला आणि विडी मधेच सैल पडायला लागली. नवरा नव्हता, दोन मुली होत्या, मोठी अजून शाळेत. कारखान्याचा नियम असा, की हजारामागे पन्नासाच्या वर छाट लागोपाठ तीन दिवस निघाली तर कार्ड बंद. कार्ड बंद झालेल्या बाईला दुसरी ब्रँच दारात उभी करत नसे. घरी बसून दिवस टाळायचीही सोय नव्हती. कारखान्याची पान-तंबाखू नेली, की दुसऱ्या दिवशी विड्या आणायच्याच, नाहीतर पान चोरलं म्हणत.

सोमवारी सदोतीस नंबरची छाट निघाली साठ. मंगळवारी निघाली नव्वद. बुधवार उरला.

मंगळवारी संध्याकाळी सिद्रामप्पा जेवायला बसला होता. शांतम्माने भाकरी वाढली आणि परातीकडे वळता वळता म्हणाली, "काशम्माचे दोन दिस झाले म्हणं."

"कोण काशम्मा?"

"सदोतीस."

सिद्रामप्पाचा घास हातात राहिला. घरात त्याने कधी नंबर काढला नव्हता. "तुला नंबर कुणी सांगितला?"

"तुमीच की. काल रातच्याला पुकारला. दोनदा."

"झोपेत?"

"न्हाय तर काय, जागेपणी पुकारला आसता तर मी दार उघडलं आसतं." तिने आमटी वाढली. "तिचा अंगठा बघितला का हो?"

"मी माल बघतो," सिद्रामप्पा म्हणाला. पण अंगठा त्याने बघितला होता. सोमवारी तो फटीतून आत आला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला, नख गेलेला, बोथट, सुपाच्या कडेला नुसता टेकवलेला. सिद्रामप्पाच्या छातीत काहीतरी हललं होतं, आणि तो घाबरला होता. हे जुनंच होतं, पोत्याच्या आधीचं. मंगळवारी तोच हात पुन्हा आला तेव्हा त्याने मुद्दाम मान खाली घातली आणि विडीन् विडी दोनदा दाबून पाहिली. दुसऱ्या कुणाची पास झाली असती अशी विडीही बाजूला टाकली. आपण तिची दया करत नाही याची त्याला खात्री करून घ्यायची होती. खात्री झाली. नव्वद झाली.

"दयामाया करत बसलो तर ब्रँच बुडंल," तो म्हणाला.

"करू नका की दया. कोण म्हणतंय." शांतम्मा शांतपणे त्याच्यासमोर बसली. "पर गोणपाट तुमी त्यांच्या म्होरं लावलंय. तुमच्या म्होरं काय लावलंय? सगळी गल्ली सकाळी मला इचारती, आज आण्णाचं डोकं कसं हाय म्हणून. तसा माल निवडून नेत्यात."

"कवापासनं?"

"पोतं लावलं तवापासनं."

सिद्रामप्पाने त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही. शांतम्माला मनात वाटलं, अरे देवा, उद्याचं आपणच बिघडवलं.

बुधवारी सकाळी सिद्रामप्पाने कसलीही भावना सोबत घ्यायची नाही असा निश्चय केला. चहा घेतला नाही, कारण चहाने तरतरी येते. अंघोळ गार पाण्याने केली. वचन म्हटलं नाही. रोज जाताना सिद्धेश्वराच्या तळ्याच्या दिशेने हात जोडायचा, तेही टाळलं, कारण भक्तीने मन मऊ पडतं असा त्याला संशय होता. शांतम्मा नळावर काही सांगायच्या आत तो घरातून निघाला. ब्रँचमध्ये पोहोचेपर्यंत त्याला थंडी, भूक आणि राग तिन्ही एकदम लागले होते. त्याला वाटत होतं, की आज आपण अगदी कोरे आहोत.

बाहेर ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त शांतता होती. त्याने एकोणीस घेतला, सव्वीस घेतला. मग आवाज जरा खाकरून पुकारलं, "सदोतीस."

सूप आत आलं. अंगठा आला. सिद्रामप्पाने विड्या उचलल्या आणि त्याची बोटं थांबली.

वरची जुडी गोजरबाईची होती. हिची विडी एवढी घट्ट, की टेबलावर टाकली तर टिक् वाजते, आणि तोंड दुमडताना नखाची चंद्रकोर उमटते. दुसरी दगडाबाईची. तिला दोऱ्याचा भरवसा नाही, म्हणून तीन वेढ्यांच्या जागी पाच देते. तिसरी सुंदरम्माची, कमरेत बारीक. त्याने सगळं सूप चाळलं. अकरा जणींचे हात होते त्यात, साठ-साठ विड्यांचे. तळाशी शंभर-सव्वाशे काशम्माच्या, मधे जराशा सैल, पण तिने जीव ओतून वळलेल्या.

पहिल्यांदा त्याला संताप आला. आपल्याला इतकं आंधळं समजतात. कार्डावर दुसरीच्या विड्या देणं हा तर छाटीपेक्षा मोठा गुन्हा. कार्ड जागच्या जागी बंद, आणि देणाऱ्यांचीही. तो उठणार, गोणपाट बाजूला करून ओरडणार, एवढ्यात त्याच्या ध्यानात एक अडचण आली.

ओरडून सांगणार काय? ही गोजराची, ही दगडाची, ही सुंदरम्माची. मालक म्हणणार, म्हणजे तुला कळतं तर, कुठली कुणाची. म्हणजे इतकी वर्षं पोत्यामागे बसून तू माणूसच बघत होतास. मालकांचं ते "वा" त्याला आठवलं. माल म्हणून पाहिलं तर या सुपात नाव ठेवायला जागा नव्हती. असा माल त्या खिडकीत वर्षभरात आला नसेल. मी माल बघतो, माणूस बघत नाही, या त्याच्याच वाक्याप्रमाणे हे सूप पास होत होतं, आणि त्याला काही करता येत नव्हतं. अगदी दया करायचीही गरज उरली नव्हती. त्या विचाराने त्याला एवढं हलकं वाटलं, की त्याने हळूच डोळे पुसले. थंडीने पाणी आलं असावं.

मग दुसरी अडचण. काल नव्वद आणि आज शून्य, असं लिहिलं तर मुनीम सूप मागवून घेणार. मुनिमाला विडी कळत नव्हती, पण आकडा कळत होता. थोडी छाट काढायलाच हवी होती. सिद्रामप्पाने सूप पुढ्यात ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगला माल वाईट म्हणून निवडायला बसला. आणि तिथेही त्याचा न्याय सुटला नाही. गोजराच्या तीन, दगडाच्या तीन, सुंदरम्माच्या तीन, अशा अकराही जणींच्या बरोबर तीन-तीन काढल्या, कुणावर अन्याय नको म्हणून. काशम्माच्या तळच्या विड्यांना हातही लावला नाही.

"सदोतीस," तो बाहेर म्हणाला. "छाट तेहतीस. बाकी पास."

फटीतले हात खिडकीच्या कडेवरून उठेनात. मग उजव्या हाताने डावा धरला आणि दोन्ही बाहेर गेले.

छाट बाईला दाखवायची पद्धत होती. त्याने तेहतीस विड्या फटीतून ओट्यावर सरकवल्या. बायका पुढे वाकल्या. गोजरबाईच्या तोंडून निघालं, "ही कशी ओ छाट? ही तर—"

दगडाबाईने तिला कोपर मारलं.

"ही तर काय, गोजरबाई?" आतून सिद्रामप्पाने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं.

"कुटं काय," गोजरबाई म्हणाली. "वाईटच हाय की." ती मागे ओट्यावर जाऊन बसली आणि बराच वेळ बोटांकडे बघत पुटपुटत राहिली. आपल्या हातची विडी छाट निघाली, हे तिच्या जन्मात झालं नव्हतं, आणि ते कुणाला सांगण्याचीही सोय नव्हती.

संध्याकाळी शांतम्माने विचारलं, "काय झालं?"

"माल चांगला हुता, पास केला," सिद्रामप्पा म्हणाला. "नियमाप्रमाणं. दयामाया काय न्हाय त्यात."

"न्हायच की," ती म्हणाली. आमटीत त्या दिवशी मीठ घालायचं राहिलं होतं. त्याने दोन वाट्या संपवल्या.

गुरुवारी पहाटे नळावर बायका शांतम्माभोवती गोळा झाल्या. काशम्माचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे होते आणि थंडीचा अजून महिना होता. आजच्या साठ-साठ विड्या निवडायच्या की नाही, ते ठरायचं होतं.

"आज कसं हाय शांतक्का?"

शांतम्माने घागर भरू दिली, काठोकाठ, वरून वाहू लागली तरी नळ बंद केला नाही. "काय सांगू बाई," ती म्हणाली. "आज मला काय कळंना."