काळजीचा अतिरिक्त कार्यभार

उभ्या कलकत्त्यात माझ्या थोरल्या साडूंइतका काळजीखोर माणूस झाला नसेल. बायकोची, मुलांची, स्वतःच्या रक्तदाबाची काळजी सगळेच करतात. भाऊजी काळजी करत ती टेपांची. गाण्यांच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. गार्डन रीचला नदीकाठी एका सरकारी कचेरीत ते अधिकारी होते. तिथे कॉम्प्युटर आला, हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकरीची नि पेन्शनची माहिती टेपांच्या रिळांवर चढली, आणि मग प्रश्न निघाला की ही रिळं सांभाळायची कुणी? हिशेब खातं म्हणालं, माहिती आमची, रिळं भांडाराची. भांडार म्हणालं, आम्ही खुर्च्या देतो तशी रिळं देतो, पुढचं तुम्ही बघा. यंत्रवाले म्हणाले, आम्ही फक्त फिरवतो. असं पदच मंजूर नव्हतं. तेवढ्यात बैठकीत भाऊजींना शिंक आली, साहेबांची नजर तिकडे वळली आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ त्यांच्या गळ्यात पडला.

त्या दिवसापासून या गृहस्थाला स्वस्थता म्हणून नाही. वातानुकूलित खोलीसाठी भर मे महिन्यात ते हातावर स्वेटर टाकून बसमध्ये चढत. चुंबकाने टेपवरची माहिती पुसली जाते, म्हणून माझी मुलगी लोहचुंबकाशी खेळत असली, तर तिला हात धुवायला लावत. हवेतली ओल मोजायचं यंत्र मागून मिळेना, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, भाजून दिलेला उडदाचा पापड ते रिळांच्या कपाटात ठेवत आणि थोड्या थोड्या वेळाने मोडून बघत. कडकन मोडला तर चेहरा उजळे. वाकला तर त्या दिवशी जेवण जात नसे. एकदा तपासणीला आलेल्या बंगाली साहेबांनी तो पापड सहज तोंडात टाकला. “खूब भालो!” ते म्हणाले. भाऊजी कासावीस होऊन म्हणाले, “चवीचं नाही विचारत साहेब, कुरकुरीत होता का?”

एकाच खोलीत सगळी माहिती, या विचाराने त्यांची झोप उडाली. दुसरी प्रत काढून ती बराकपूरच्या शाखेत ठेवावी, असा प्रस्ताव त्यांनी दिला. ‘नेण्यास मनुष्यबळ उपलब्ध नाही,’ असा शेरा आला. मग दर महिन्याला एका शनिवारी ते स्वतःच सियालदहहून गाडीने निघत, रिळांचा डबा मांडीवर घेऊन. मी एकदा सोबत गेलो. समोर ट्रान्झिस्टर घेतलेला माणूस येऊन बसला, तशी त्यांनी मला उठवून मध्ये बसवलं. “त्यातल्या स्पीकरला चुंबक असतं. तुमच्या अंगाचा आडोसा बरा,” ते म्हणाले. माझ्या पोटाचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

एका दुपारी त्यांचा माझ्या बँकेत फोन आला. “जरा येता का?” एवढंच. जाऊन बघतो तर लोडशेडिंगनंतर वीज परतली होती आणि थंड हवेच्या यंत्राचा पाइप कपाटावरच फुटला होता. ओली रिळं व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर मांडली होती. तिन्ही खात्यांचे साहेब एकमेकांकडे बघत उभे होते. कुणीतरी हळूच म्हणालं, “आता लोकांच्या पेन्शनचं काय?”

“बराकपूरला प्रत आहे,” भाऊजी म्हणाले. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मला बाजूला घेऊन मात्र ते म्हणाले, “प्रत आहे, पण ती वाचता येते की नाही, कुणी पाहिलंय? तिथे यंत्रच नाही. इथे लावून बघायला वेळ मागितला, तर म्हणाले, यंत्र मोकळं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बराकपूरची रिळं आली. पहिलं रीळ यंत्रावर चढलं तेव्हा भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खडखड करत छपाई सुरू झाली आणि साहेब मोठ्याने नावं वाचू लागले. घोष, सरकार, तिवारी... एकेक नाव ऐकताना भाऊजींचे खांदे खाली येत गेले. एक रीळ मात्र वाचता आलंच नाही. त्यातल्या लोकांची माहिती जुन्या फायलींवरून पुन्हा भरायला ते आपणहून बसले आणि शेवटच्या माणसापर्यंत उठले नाहीत.

पुढे पदं मंजूर झाली, एक सोडून तीन. शिकलेली, हुशार पोरं आली. भाऊजींनी त्यांना सगळं दाखवलं, किल्ल्या दिल्या आणि काही दिवसांत ते निवृत्त झाले.

नाशिकला कायमचं जायला निघाले, तेव्हा आम्ही हावड्याला पोचवायला गेलो होतो. गाडीत खिडकीशी बसलेल्या भाऊजींना ताईंनी विचारलं, “अहो, घराला कुलूप नीट लावलंत ना?”

“लावलं असेल,” भाऊजी म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून शांतपणे बाहेर बघत राहिले.

ताईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या घरात काळजीचं खातं एकट्या भाऊजींकडे होतं. आता ताईंच्या डोळ्यांत काळजी मला पहिल्यांदाच दिसली. मी काही बोलणार, तोवर गाडी हलली.