टॉवेल, टोपी, नारळ

फॉर्मवर प्रश्न होता : ‘अपघाताच्या वेळी गाडी भाड्याने अथवा मोबदल्यासाठी वापरली जात होती का?’ खाली निळ्या पेनाने उत्तर होतं : ‘होय. टॉवेल, टोपी, नारळ.’

मी गॅरेजमध्ये उभी राहून ते दोनदा वाचलं. समोर पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी, पुढून चेपलेली. शेजारी गाडीचे मालक हिरामणभाऊ, हात पुसत.

“भाऊ, हे काय लिहिलंय?”

“जे भेटनं ते लिखं, ताई. खोटं कसाले लिखू?”

मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान बघायचं, कारण तपासायचं आणि विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत माझी स्कूटर फिरते.

प्रकरण साधं होतं. हिरामणभाऊंनी नात्यातल्या लग्नात नवरदेवाला आपल्या गाडीतून नेलं. परतताना कापसाची ट्रॉली अचानक वळली, तिला वाचवताना गाडी बाभळीवर गेली. कोणाला खरचटलंही नाही. पण पांढरी नंबरप्लेट म्हणजे खासगी गाडी, आणि तिची पॉलिसीही खासगी. तिच्यातून भाडं मारलं, तर क्लेम नामंजूर होऊ शकतो. भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट, परमिट आणि वेगळी, महाग पॉलिसी लागते, कारण ती जास्त धावते आणि तिच्यात परकी माणसं बसतात.

त्यात डॅशबोर्डवर मोबाइलचा स्टँड होता, आणि भाऊंच्या मोबाइलवर एका टॅक्सी कंपनीचं ॲप.

मी नाशिकला विमा कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

“संपलं की!” साहेब म्हणाले. “ॲपवाला आहे, वर स्वतःच ‘होय’ लिहितोय. मॅडम, इतका सोपा रिपोर्ट वर्षातून एकदा मिळतो. लिहून टाका.”

भाऊंना सगळं ऐकू गेलं होतं. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून घेतलेली ही पहिली स्वतःची गाडी. ती ॲपवर लावायची, एवढाच त्यांचा बेत. खासगी पॉलिसीवर चोरून भाडं मारलं असा शेरा बसला असता, तर दुरुस्ती गेलीच असती, पुढची पॉलिसी काढतानाही तो शेरा सांगावा लागला असता.

मला माझे वडील आठवले. ते डाळ मिलमध्ये हमाल होते. रेशनच्या फॉर्मवर एकही रकाना कोरा सोडायचे नाहीत, कोरा ठेवला तर सरकार रागावेल म्हणून. आमच्या घरात स्वतःचा फॉर्म स्वतः भरणारी मी पहिली, आणि तेही शिरपूरच्या कॉलेजातल्या मॅडमनी शेजारी बसवून शिकवलं म्हणून. भाऊंचा फॉर्म भरताना त्यांच्या शेजारी कोणीच नव्हतं.

“भाऊ, ते ॲप उघडा जरा.”

त्यांनी उघडलं. लायसन्स, हिरवी खूण. पोलीस पडताळणी, हिरवी खूण. त्याखाली लाल अक्षरांत : परमिट बाकी, व्यावसायिक विमा बाकी. आणि सगळ्यात खाली : एकूण फेऱ्या शून्य.

“पिवळी प्लेट व्हयनी का मंग चालू करसू म्हनत होतू,” भाऊ हळूच म्हणाले.

मला हसूच आलं. ज्या ॲपमुळे संशय आला, त्याच ॲपने त्यांना दारात अडवून ठेवलं होतं. योग्य पॉलिसी दाखवल्याशिवाय ते एकही भाडं देत नव्हतं. मी टॅक्सी कंपनीला ईमेल केला. दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं : हा ड्रायव्हर आमच्याकडे कधीही चालू झालेला नाही.

आता राहिलं टॉवेल-टोपीचं. नवरदेवाच्या काकांना गावात सगळे नाना म्हणतात. मी अमळनेरकडच्या त्यांच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, “नाना, हिरामणभाऊंना गाडीचं भाडं किती दिलं?”

नाना बाजेवरून उठलेच. “भाडं? मावसभाऊ शे तो मन्हा! भाडं दिधं तर नातं काय राहिनं?”

“मग टॉवेल-टोपी?”

“टोपी त बठ्ठासले दिधी. बँडवालाले दिधी, फोटोवालाले दिधी. ज्यानी जेवन जेवीसन नावं ठेवात, त्याले बी दिधी!”

त्यांचा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि निघाले. तेवढ्यात आतून अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, कुंकू घेऊन आल्या. सोबत ब्लाउजपीस आणि नारळ.

“अक्का, मी तपासाला आलेय. मला काही घेता येत नाही.”

“तपास तुन्हा साहेबना. तू त लेक शे. लेक खाली हाते जास का?”

ब्लाउजपीस मी हात जोडून परत केला. नारळ मात्र अक्कांनी स्कूटरच्या डिकीत घालून झाकण लावून टाकलं.

रस्त्यात माझ्या लक्षात आलं : पुरावा डिकीतच आहे. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘सदर कुटुंब भेटीस येणाऱ्या प्रत्येकास मान म्हणून नारळ देते. तपासासाठी गेलेल्या सर्व्हेअरलाही दिला. नारळ फाइलला जोडणे शक्य नसल्याने फोटो जोडला आहे.’

साहेबांचा फोन आला. “मॅडम, एवढ्या नोकरीत रिपोर्टला नारळ ॲनेक्शर म्हणून पहिल्यांदा पाहिला. कुठाय तो?”

“तुमच्या जळगाव ब्रँचमध्ये जमा केलाय, साहेब.”

“फोडा आणि वाटा. क्लेम पास करतोय. आणि त्या माणसाला सांगा, विचारलंय तेवढंच लिहायचं!”

तेव्हापासून मी प्रत्येक ड्रायव्हरला तो प्रश्न सोप्या मराठीत वाचून दाखवते. माणूस खरा असून भागत नाही, प्रश्नही कळावा लागतो.

पुढे महिन्याभरात स्टेशनवरून ॲपने टॅक्सी बोलावली, तर हिरामणभाऊंची गाडी आली. पिवळी प्लेट, काचेवर परमिट. घरी उतरताना मी पैसे काढले, तर भाऊंनी हात मागे घेतले.

“तुमनाकडथून कसं लेवाई, ताई?”

“घ्या, भाऊ. आता पॉलिसी त्यासाठीच काढलीय.”

त्यांनी पैसे घेतले. आधी कपाळाला लावले, मग खिशात ठेवले.