अठ्ठेचाळीसची लाईट

स्वारगेटला बारामतीची एसटी धरली तेव्हाच माझ्या डोक्यात निकाल तयार होता: यंत्र आमचं, म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमची कंपनी इन्व्हर्टर बनवायची आणि त्याची आखणी मी केली होती.

बारामतीच्या स्टँडवर भेळ खाल्ली, दुधाच्या टेम्पोतून पिंपळी गाठली. उसाच्या शेताला लागूनच, तक्रार करणाऱ्या तात्यांचं अंडी उबवणी केंद्र होतं. घराणं मेंढपाळांचं, मेंढरं विकून त्यांनी विजेवर ऊब देणारी ही पेटी घेतली होती. आत पाचशे अंडी होती, पिल्लं दोन दिवसांवर आलेली.

"मागली खेप गारठून मेली," तात्या म्हणाले. "ही गेली तर धंदाच बंद."

गावात लाईट होती, तरी पेटीचा इन्व्हर्टर बॅटरीवरच चालला होता आणि बॅटरी संपत आली होती. मी मीटर लावला. विजेची लय, म्हणजे फ्रिक्वेन्सी, सेकंदाला पन्नास हवी, इथं अठ्ठेचाळीस. लय जुळल्याशिवाय बाहेरची वीज घ्यायची नाही, हे मीच इन्व्हर्टरला शिकवलं होतं. तेही कंपनीच्या जनरेटरवर, जिथं काटा पन्नासवरून हलत नाही.

"तुमची लाईट त्याला पसंत नाही," मी म्हणालो.

"हितं हीच येती. मेंढरं हाकताना आमी लंगड्या मेंढीच्या चालीनं चालतो. पुढं पळणारा मेंढक्या एकलाच गावात पोचतो."

मी इन्व्हर्टरमधला स्क्रू फिरवून खालची मर्यादा सत्तेचाळीसवर आणली आणि लय सावकाश गाठायला लावली, नाहीतर प्रत्येक हेलकाव्याला तो बिचकला असता. इन्व्हर्टर थोडा कुरकुरला, मग रुळला. तात्यांनी माडगं (हुलग्याची पातळ पेज) पुढं ठेवलं.

"म्हंजी लाईट चालन्याजोगी व्हती?"

"होती. चूक आमच्या यंत्राची."

"यंत्र कुनी केलं?"

"मी."

तात्या उठले. "मागली पिल्लं मेली तवा मी वायरमनला, लाईट खराब देतो म्हनून, चावडीवर लई बोललो. माझा भाचा हाय त्यो. तवापासनं घरी येत न्हाय. चला, सांगा त्याला."

मला लाज वाटली, पण गेलो.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला, आमचाच इन्व्हर्टर असलेल्या एका दवाखान्यात, तोच स्क्रू तितकाच फिरवला. तिसऱ्या दिवशी परतताना पिंपळीला उतरलो, तर पेटीत चिवचिवाट होता आणि भाचा तात्यांशेजारी बसून चहा पीत होता.

पुण्यात साहेबांनी विचारलं, एवढ्याशा कामाला तीन दिवस कसे लागले? स्क्रूला पाच मिनिटं लागली होती. वायरमनच्या दारात 'चूक माझी' म्हणायला किती वेळ लागला, ते मी सांगितलं नाही.