पीटरच्या बाबाचं पान

आता माझी फजिती माझ्याच तोंडानं काय सांगू तुम्हाले! पण चहा तुम्ही पाजून राह्यले, तर ऐका.

पुलगावात माझं रंगाचं दुकान. पीटर माझा शाळेपासूनचा दोस्त. दोन नोव्हेंबरले त्यांच्या पितरांचा दिवस असते. कबरी धुवायच्या, फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या. त्याचे बाबा मिलमध्ये होते, त्यांले जाऊन बारा वर्षं झाले. दरवर्षी पीटर कबर चकाचक करते आन् आईले, म्हणजे आमच्या मेरीमावशीले, घेऊन जाते. यंदा नेमका त्याचा पाय प्लास्टरात! म्हातारी डोळे पुसत म्हणे, औंदा ह्यांची कबर तशीच राहीन का रे?

मी छाती ठोकली. "मावशी, मी काय मेलो का? तुम्ही फक्त संध्याकाळी या."

पीटरनं समजावलं, कडुनिंबाखाली चार कबरी आहेत, मोठ्या फाटकाकडून मोजली की दुसरी. तो आणखी काही सांगत होता, पण ऐकते कोण? रंगवाल्याले रंगवणं शिकवते का कोणी?

मी गेलो मागच्या फाटकानं, दुकानातून तेच जवळ पडते. एक, दोन... ही दुसरी. पाहतो तर काय, शेवाळ चढलेलं, गवत माजलेलं, नाव पार झिजून गेलेलं. शेजारची कबर मात्र कशी नीटनेटकी! म्हटलं, पोरगा असावा तर असा. नाईतर आमचा पीटर! मनातल्या मनात त्याले दोन शिव्या हासडल्या आन् कामाले लागलो.

घासली, धुतली, पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, झेंडूचे हार घातले. पण मन भरेना. आपल्याकडे पितरांले नुसती फुलं देऊन वाटेले लावते का कोणी? बायकोले फोन केला, तिनं वडे, खीर, कढी पाठवली. कबरीवर पान मांडलं आन् भर कब्रस्तानात ओरडलो, काव काव! मेणबत्त्या लावणारी माणसं वळून वळून पाहून राह्यली. पाहू द्या!

सांगतो तुम्हाले, पितृपक्षात माझ्या बापाच्या पानाले कावळ्यानं दोन तास उन्हात ताटकळवलं मले. इथं दोन मिनिटांत सहा कावळे! पान चाटूनपुसून साफ. पीटरले फोन लावला, म्हटलं तुझा बाप तृप्त झाला रे, शीतही ठेवलं नाई. तिकडं तो रडाले लागला. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू.

संध्याकाळी मावशी ऑटोनं आली. मी मान ताठ करून उभा. ती हळूहळू आली, माझ्या पांढऱ्याफेक कबरीपाशी क्षणभर थबकली, पुढं गेली आन् शेजारच्या कबरीपाशी थांबली. त्याच, गुणी पोराच्या बापाच्या. छातीवर क्रूस काढला.

मी पांढऱ्या कबरीकडं बोट केलं. "मावशी, मंग ही कोणाची?"

"थॉमसची. ह्यांच्याच खात्यातला. त्याले ना बायको, ना पोर. इथं कोणी येतच नाई." मंग तिची नजर पानावर गेली. "कोण जेवलं?"

मी सगळं कबूल केलं. वाटलं, म्हातारी आता रडते. तर ती मटकन कठड्यावर बसली आन् पोट धरून हसाले लागली. मिलमध्ये तीस वर्षं थॉमसनं ह्यांचाच डबा खाल्ला म्हणे! हे घरी उपाशी येत आन् तरी त्याचीच तारीफ करत. बारा वर्षांत या जागेवर ती पहिल्यांदा हसली, असं तीच म्हणे. थॉमसच्या अंगावरचे अर्धे हार काढून तिनं नवऱ्याले घातले, दोघांपुढंही मेणबत्त्या लावल्या. सांगा आता, जिंकलो की नाई मी?

मी फुशारलो. म्हटलं, "पाहा मावशी, एवढ्या कबरी सोडून हात बरोबर बाबांच्या दोस्ताच्याच कबरीवर पडला. वरून इशाराच असन."

"इशारा कशाचा," मावशी डोळे पुसत म्हणाली, "जातभाई ओळखला तू. शाळेत माझ्या पीटरचा डबा रोज कोण खात होतं, मले काय माहीत नाई?"