चामडं चाखलंय का कुणी?

आमच्याकडच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाला महिन्याच्या महिन्याला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही! ते ओटीवरच साचत राहतात. मग कुणी आलं-गेलं की दोन-चार त्याच्या गळ्यात मारायचे, एवढाच उपाय. आज तुम्ही सापडलात.

तर आमचं 'चव मंडळ, किहीम'. दर शनिवारी दुपारी चारला माझ्या ओटीवर बसतं. माणसं चार. सुमनबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता रिटायर आहेत. मधूभाऊ पोस्टातून रिटायर. हिरा मासळी विकते, ती कसली रिटायर होतेय! आणि मी. मला सगळे आक्का म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, बाकीचं स्वतःचं स्वतः.

आळीत आम्हाला 'दारूमंडळ' म्हणतात. मी एकदा वाण्याच्या दुकानात, चांगली गर्दी बघून सांगून टाकलं, "दारुडे पडतात. आमचं मंडळ बसतं!"

त्यानंतर निदान माझ्या तोंडावर तरी कुणी म्हणत नाही.

*

सुरुवात कशी झाली ते सांगते. समुद्राकडच्या एका बंगल्यावर मी वीस वर्षं स्वयंपाक केला. मालक मुंबईचे. एका दिवाळीला बाईंनी वाइनची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "आक्का, घरी कुणाला तरी द्या."

मी म्हटलं, "कुणाला तरी म्हणजे? मला तोंड नाही का?"

बाटली मी घरी आणली आणि या तिघांना बोलावलं. सुमनबाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं, "ड्राय रेड वाइन. ड्राय म्हणजे कोरडी."

हिरा म्हणाली, "कोरडी? मंग ही आत हिंदकळते ती काय हाय?"

मधूभाऊंनी विचार केला. पोस्टातला माणूस, छापील शब्दावर विश्वास. म्हणाले, "कोरडी म्हणजे पाणी कमी घातलेली असणार. आपण घालायचं."

आणि आम्ही चक्क तांब्याभर पाणी घातलं! चव अशी लागली, की जांभळं धुतलेलं पाणी प्यावं. पुढे मोबाइलवर बघून बघून मला कळलं, ड्राय म्हणजे गोड नसलेली. मी मंडळात तसं जाहीर केलं. हिरा भडकली.

"मंग गोड न्हाय म्हनावं ना! कोरडी सुकट असते, वाइन न्हाय!"

*

आता खरी गोष्ट. काशीदजवळ एक रिसॉर्ट आहे. दर थंडीत तिथे वाइन आणि कोकणी जेवणाचा मेळा भरतो. पहिल्या वर्षी आम्हाला पोपटी लावायला बोलावलं. आमच्याकडे पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला, ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. तीन मडकी लावली. पाहुणे बोटं चाटत होते.

टेबलावर पांढऱ्या वाइनचा पेला होता. मी उचलला, वास घेतला. मॅनेजर धावत आला.

"मावशी, ते पाहुण्यांसाठी आहे. आणि आंबट लागेल तुम्हाला."

मी म्हटलं, "आंबट आहे म्हणूनच वालाच्या शेंगेला चालेल. तुम्ही लोकांना ती लाल देताय, ती ओव्यापुढे कडू लागतेय."

तो हसला. चारचौघांत हसला! म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय कळतंय वाइनमधलं? तुम्ही मडकी सांभाळा."

मी मडकी सांभाळली. परत आम्ही टेम्पोने निघालो. आमचं वळण आलं तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आपण तिथे टेबलाला बसायचं. आपल्या नावाने. नाहीतर पोपटी नाही."

हिरा म्हणाली, "आक्का, मी आतापासूनच बसले."

*

मग वर्षभर शनिवार चुकवला नाही. मोबाइलवर एक गोरा माणूस वाइन कशी चाखावी ते शिकवायचा, सुमनबाई अर्थ सांगून वहीत लिहायच्या. तो पेला फिरवायचा, नाक खुपसायचा आणि म्हणायचा, ब्लॅकबेरी!

"कुणी खाल्लीय?" मी विचारलं. कुणीच नव्हती खाल्ली.

"मग खोडा."

तिथे मंडळाचा नियम झाला. जी चव आळीत कुणाच्या जिभेला लागलेली नाही, ती वहीत लिहायची नाही. करवंद चालेल, जांभूळ चालेल, कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं हे चालेल. फणसाच्या आठळीचा वास येतो, लिहा. पण चेरी नाही, ब्लॅकबेरी नाही.

एके दिवशी तो गोरा डोळे मिटून म्हणाला, लेदर.

सुमनबाई जरा अडखळल्या. "चामडं, म्हणतो."

हिराने मोबाइल हातात घेतला, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "चामडं कवा चाखलंस रं, बाबा?"

आता आमच्या मंडळात कुणी न समजता मोठा शब्द वापरला, की बाकीचे तिघं एका सुरात विचारतात, "चामडं चाखलंय का?" परवा सुमनबाईंच्या जावयाने 'सिनर्जी' म्हटलं. त्यालाही विचारलं!

*

लाल वाइन उघडून ठेवावी, तिला श्वास घेऊ द्यावा, असंही त्या गोऱ्याने सांगितलं होतं. मधूभाऊंनी मनावर घेतलं. शनिवारी सकाळीच बाटली स्वतःच्या घरी नेली, बूच काढलं आणि भरपूर हवा लागावी म्हणून मागच्या खिडकीत ठेवली.

त्या खिडकीच्या खाली हिराने बोंबील वाळत घातले होते.

चार वाजता मी पेल्यात नाक घातलं आणि झटक्याने बाहेर काढलं. मधूभाऊ काळजीने विचारतात, "का हो आक्का, श्वास घेतला नाही का तिने?"

"घेतला," मी म्हटलं, "पण बोंबलाचा!"

हिरा एवढी हसली की ओटीवरून खाली बसली. ती वाइन आम्ही टाकली नाही बरं का. चव घेऊन वहीत लिहिली. सुमनबाईंच्या सुवाच्य अक्षरात आजही आहे: 'लाल. आधी करवंद. मग बंदर.'

*

चाखणारे लोक घोट घेऊन थुंकतात, नाहीतर चौथ्या पेल्याला जीभ बधिर होते. पण दुसऱ्याच्या घरी, तेही ताटासमोर, थुंकायचं कसं? आमच्यात ते अपमान करणं झालं. दोन शनिवार या एका गोष्टीवर अडून बसलो. बादली आणली तर मधूभाऊ म्हणाले, "आक्का, गुरांना पाणी पाजतोय असं वाटतं."

शेवटी मी माळ्यावर चढले. सासऱ्यांची पितळी पिकदाणी खाली आणली, चिंच लावून लखलखीत केली आणि मधोमध ठेवली.

बंगल्यावरच्या मुंबईच्या बाई एकदा बैठक बघायला आल्या. पिकदाणी हातात घेऊन म्हणाल्या, "किती सुंदर! वाइन टेस्टिंगसाठीच बनवून घेतली का?"

मी म्हटलं, "हो. फक्त आमच्या सासऱ्यांना ते माहीत नव्हतं!"

*

संक्रांतीचं हळदीकुंकू. आमचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, पण हळदीकुंकू मीच करते. ज्यांना खटकतं त्या येत नाहीत. ज्या येतात त्या तिळगूळ दोनदा घेतात. यंदा वाण म्हणून मी उंच दांड्याचे काचेचे पेले दिले. म्हटलं, आळीत प्रसार होऊ दे.

महिन्याभराने सगळ्यांकडे चक्कर मारली. एकीने त्यात मनीप्लांट लावलेला. एकीकडे पाहुण्यांना त्यातून सोलकढी. एकीने तर देव्हाऱ्यात तेल घालून वात लावली होती, आणि उजेड काय सुंदर पडला होता!

फक्त हिराच्या सुनेने पेला बरोबर धरला. दांड्याला, दोन बोटांत. मी खूश होऊन म्हटलं, "शाबास! कुठे शिकलीस?"

"तेच्यात काय आक्का? पापलेट शेपटीला धरतात तसंच."

*

पेले वाटण्याच्या महिनाभर आधी, मार्गशीर्षात, मॅनेजर आला होता. पोपटीची ऑर्डर घेऊन. पाहुण्यांनी वर्षभर फोन करून विचारलं होतं म्हणे.

मी ओटीवरून उठले नाही. "टेबल पाहिजे. चार खुर्च्या. मंडळाच्या नावाची पाटी. पोपटीबरोबर कुठली वाइन द्यायची ते आम्ही ठरवणार, पाहुण्यांना आम्ही सांगणार. मराठीत."

त्याने घाम पुसला. वाल तर आमच्याच शेतातला, मडकं भरण्याचा हात आमचा. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण मुंबईहून एक मोठे टेस्टर येतायत. सगळ्या टेबलांवर फिरून ते एक जोडी निवडणार. तुमचं नाव घेतलं तर टेबल दरवर्षी तुमचं. नाहीतर मावशी, पुढच्या वर्षी पुन्हा मडक्यापाशी."

"कबूल," मी म्हटलं. "आणि आक्का म्हणायचं. मी तुमच्या आईची बहीण नाही."

मेळा पौष सरताना होता. सूर्य समुद्रावर टेकलेला. सात टेबलं, आमचं शेवटचं. हिरा नवी साडी नेसून, नाकात मोठी नथ घालून आलेली. आम्ही निवडलेली पांढरी वाइन बर्फात होती. पाहुणे येत होते, सुमनबाई त्यांना समजावत होत्या, "आधी शेंग सोला, मग घोट घ्या. ओली कैरी लागेल, तिच्या मागे वाल."

मधूभाऊंचं मात्र अवघड झालं होतं. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी त्यांची वाइन बंद केली होती. पण रिकाम्या हाताने बसणार कसे? घरून बाटलीत कोकमाचं आगळ, म्हणजे मिठातला रस, आणलं, पाणी घालून पेल्यात ओतलं आणि ऐटीत बसले. लांबून बघणाऱ्याला लाल वाइनच वाटावी! मग पाय मोकळे करायला उठले आणि पेला टेबलावरच राहिला.

टेस्टर साहेब आले तेव्हा मी मडकं उघडत होते. वाफ अंगावर, पाठ टेबलाकडे. सहा टेबलं फिरून आलेला माणूस तो, जीभ दमलेली. सुमनबाईंनी वाढलेली शेंग सोलली, खाल्ली आणि त्या बर्फातली बाटली काढायला वळल्या तेवढ्यात समोर दिसला तो पेला उचलला. वास घेतला. घोट घेतला. डोळे मिटले.

"वा! काय धार आहे आंबटपणाला! आणि शेवटी... मीठ? मळा समुद्राजवळ आहे का?"

सुमनबाईंना वाटलं, आमच्या वालाच्या शेताबद्दल विचारतायत. "अगदी लागून," त्या म्हणाल्या.

"तरीच! आणि अल्कोहोल तर जाणवतच नाही. काय कारागिरी!"

ते पेला घेऊन थेट माइककडे गेले. सगळे वळून बघायला लागले. "आजची सर्वांत उत्तम जोडी," ते म्हणाले, "चव मंडळ, किहीम!"

टाळ्या! मॅनेजरसुद्धा वाजवत होता. सुमनबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला.

"आक्का," टेस्टर साहेबांनी माझ्यापुढे माइक धरला, "या वाइनचं नाव सांगा."

आणि तेवढ्यात मागून मधूभाऊंचा आवाज आला, "अहो, माझा पेला कुणी नेला?"

मी साहेबांच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. हिरानेही बघितलं. ती माझ्या कानाशी लागली, "आक्का, कायबी नाव सांग. टेबल आपलं झालं. गप सांग!"

बर्फातल्या बाटलीवर नाव होतं, नुसतं वाचायचं होतं. वर्षभराचे शनिवार होते. समोर मॅनेजर होता.

मी माइक हातात घेतला.

"साहेब, ही वाइन नाही. हे आमच्या मधूभाऊंचं पथ्य आहे! कोकमाचं आगळ. आमची वाइन तुम्ही अजून चाखलीच नाहीत."

आधी कुणालाच कळेना. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू सगळ्या मांडवात पसरलं. मॅनेजरचे हात टाळीत अर्ध्यावरच थांबलेले. साहेबांनी पेल्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. उरलेलं सगळं एका घोटात संपवलं. मग ते चालत आमच्या टेबलाशी आले, मधूभाऊंची खुर्ची ओढली आणि बसू लागले.

हिराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बसा की. पन पयले हात धुवून या. पोपटी चमच्यानं न्हाय खात!"