केळीवाल्याचा नारळ

आमच्या थोरल्या साडूंइतका उतावळा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. फैजपूरकडचे केळीवाले, वर्ष-सव्वा वर्षात घड हाती येणार, त्यापलीकडचं थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहाला उकळी यायच्या आत कप पुढे करत. धुळ्याला आमच्याकडे आले की चपला काढता काढता परतीची गाडी विचारत. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच ते पंगतीत जाऊन बसले होते.

अशा माणसाने नारळ लावावा, हेच मुळात हसण्यासारखं. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, वारली त्याच महिन्यात तिने देवघरात कलशावर ठेवलेल्या नारळाला कोंब फुटला. साडूंनी तो विहिरीजवळ लावला आणि सांगून टाकलं, याचं पहिलं फळ अक्काच्या श्राद्धाला ठेवायचं. तेव्हापासून दर आठवड्याला मला फोन. पहिली पानं अखंड निघाली तेव्हा गडी खूश, कारण ती केळीसारखी दिसत. पुढची पानं चिरत जाऊन फणीसारखी झाली, तर म्हणाले, "वाऱ्यानं फाटू राह्यली, साडूभाऊ," आणि अक्काच्या जुन्या लुगड्याचा आडोसा बांधला. पाचव्या वर्षी खोड जमिनीवर दिसलं, तेव्हा पेढे वाटले. त्याच वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. जळगावला डायलिसिस सुरू झालं. सुई टोचताना ते नर्सला झाडाची उंची सांगत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार लांबचं काही ठरवू नका."

सातव्या वर्षी फुलोरा आला. पिवळ्या काड्या, बुडाशी हिरवी बोंडं. केळीचा घड धरला की खालचं केळफूल कापतात, म्हणजे फळ पोसतं. साडूंच्या हाताला जन्मभर तीच सवय. बोंडं ठेवून त्यांनी काड्यांचे शेंडे विळ्याने साफ केले. नर फुलं नेमकी तिथेच असतात, आणि पराग द्यायला जवळपास दुसरं नारळाचं झाड नाही. काही दिवसांत सगळी बोंडं गळाली. कृषी सहायकाने चूक समजावली. त्या दिवशी साडू जेवले नाहीत.

दुसरा फुलोरा आला तेव्हा ते जळगावच्या दवाखान्यात होते, आता घरी जाण्यासारखे राहिले नव्हते. तीही बोंडं गळाली. कोवळ्या झाडाची गळतातच.

"धरली का रे?" त्यांनी विचारलं.

"धरली, भाऊ. सुपारीएवढी आहेत."

दोन दिवसांनी मी ती लिंबाएवढी केली. साडूंनी माझ्याकडे बघितलं.

"दोन दिवसांत एवढी? तू खोटं बोलू राह्यला." मग डोळे मिटून म्हणाले, "बोलत राह्य."

मी रोज बोलत राहिलो. शहाळी झाली, आत पाणी भरलं असं सांगितलं, तेव्हा त्यांनी हळूच माझा हात दाबला. नारळ उतरवून अक्कासाठी ठेवल्याचं मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण साडू रात्रीच गेले. ते आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.