एका नावाची दोन फंक्शनं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात पोरांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते. "दादा गेले गं," नवरा म्हणाला. मी फोन ठेवला आणि फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं. महिना होत आला, मला रडू आलेलं नाही, आणि येईल असं वाटतही नाही.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. लातुरात त्यांचं डाळमिलच्या मशिनींचे कंट्रोलर बनवायचं वर्कशॉप. मी लग्न होऊन गेले तेव्हा थोरल्या जाऊबाईही रेखा आणि मीही रेखा. "एका घरात दोन रेखा चालत न्हाईत. मागून आली तिचं बदलायचं," दादांनी फर्मावलं, आणि नवऱ्यानं अंगठीनं तांदळात 'सुवर्णा' लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. जाऊबाई खाली बघत होत्या.

लग्नानंतर मी त्यांच्या वर्कशॉपात मशिनींचे प्रोग्रॅम लिहायला लागले. त्या कोडातही त्यांची हीच रीत. मी एक फंक्शन, म्हणजे एकाच कामाचा कोडाचा तुकडा, लिहिलं, नाव दिलं स्टॉप. लाल बटण दाबलं की मुख्य फाइल ते बोलावणार आणि मशीनचा पट्टा जागच्या जागी थांबणार. दादांच्या फाइलीतही एक स्टॉप होतं, पण ते चालू खेप संपेपर्यंत वाट बघायचं. फाइली सुट्या सुट्या विनातक्रार कंपाइल झाल्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरल्या. त्या एकत्र जोडताना जोडणारा प्रोग्रॅम, लिंकर, अडून बसला, एकाच नावाची दोन सापडली म्हणून. मी म्हटलं, "दादा, तुमचं स्टॉप तुमच्याच फाइलीपुरतं आहे. त्याच्यापुढे स्टॅटिक लिहा, ते नाव बाहेर दिसणार नाही. दोन्ही सुखानं नांदतील."

"माझ्या फाइलीला हात लावायचा न्हाई. तुझं बदल."

या वेळी मी बदललं नाही. तर या माणसानं मला न सांगता लिंकरलाच गप्प बसवलं. दोन सापडली तर पहिलं घे, दुसरं सोड, अशी एक सूचना मेकफाइलमध्ये, म्हणजे जोडणीच्या सूचनांच्या यादीत, टाकून दिली. पहिली फाइल अर्थात त्यांची, म्हणजे लाल बटणही आता खेप संपायची वाट बघणार.

चाचणीत एका कामगाराची बाही पट्ट्यात गेली. त्यानं बटण दाबलं... पट्टा चालूच. कुणीतरी मेन स्विच ओढला म्हणून त्याचा हात वाचला. "सुवर्णाच्या कोडात लई गडबड हाय," दादा सगळ्यांसमोर म्हणाले. मी ती सूचना शोधून त्यांच्यासमोर धरली, तर म्हणाले, "मशीन तर चालतीया न्हवं?" मी ते काम सोडलं. त्यांनी कोड वगळून बटण थेट मोटारीच्या वायरीवर घेतलं, आणि धाकटीनं घोळ केला हे गावभर झालं. शोकसभेत लोक म्हणाले, दादांनी कधी कुणाला दुखवलं नाही. मी उठून बाहेर गेले.

तेराव्यानंतर जाऊबाईंनी वर्कशॉपची किल्ली माझ्या हातात दिली. एक मशीन अर्धवट राहिलं होतं. दादांच्या खुर्चीत बसून मी कॉम्प्युटर सुरू केला. ती सूचना अजून तिथंच. ती काढली, आणि लिंकर दोन्ही फाइलींची नावं घेऊन ओरडला. मी दादांच्या स्टॉपपुढे स्टॅटिक लिहिलं. जोडणी झाली. बटणाची वायर पुन्हा कोडाकडे घेऊन मोटार चालू केली, बटण दाबलं. चाक तिथल्या तिथं थांबलं.

जाऊबाई दारातून बघत होत्या. "एक शब्द लिहिला फक्त," मी म्हटलं. "एवढंच हुतं? मग ह्यांनी तवाच का न्हाई केलं?"

"माझं नाव बदलणं त्यांना सोपं वाटलं."

त्यांनी आत येऊन थांबलेल्या चाकावर हात ठेवला.

"रेखा बी ह्यांनीच ठेवलेलं," त्या म्हणाल्या. "माझं नाव कमल हाय."